चौथ्या टबातली नीळ

निवृत्त न्यायाधीश, निवृत्त स्टेशनमास्तर, निवृत्त डॉक्टर यांनी आपापल्या कामाबद्दल लिहावं, अशी दिवाळी अंकांची रीत आहे. मी अजून तिशीही गाठलेली नाही आणि कशातूनच निवृत्त झालेली नाही. तरी संपादकांनी विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं, कारण माझ्या माहितीत कोंबड्यांना आंघोळ घालण्याचं काम चार वर्षं केलेली मराठी बाई मी एकटीच आहे. दुसरी कुणी असेल तर तिनं जरूर पत्र पाठवावं. मला तिच्याशी पाण्याच्या तापमानाबद्दल बोलायचं आहे.

आमचं घर अकोल्याचं. वडिलांचा लहानसा छापखाना होता, पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनचा. लग्नपत्रिका छापून पोट भरायचं आणि पत्रकं छापून मन. शिक्षकांच्या संपाची पत्रकं, बुवाबाजीविरुद्धची, धरणग्रस्तांची. मी अक्षरं शिकले ती छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. वडिलांचा एकच नियम होता: पत्रक कितीही लहान असो, तळाशी मुद्रकाचं नाव आणि पत्ता हवाच. कायद्यात आहे म्हणून नव्हे. "ज्या कागदाखाली छापणाऱ्याचं नाव नाही, तो कागद म्हणजे अफवा," असं ते म्हणायचे. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्या पांढऱ्या साड्यांना नीळ घालायचं काम वयाच्या आठव्या वर्षापासून माझ्याकडे होतं. या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढे दोन्ही लागणार आहेत.

२००४ मध्ये मी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला शिकायला आले. गावाच्या नावातच कॉलेज, आणि कॉलेज सोडलं तर आजूबाजूला डोंगर, मका आणि गाई. माझा विषय होता कोंबड्यांच्या पायांवर पिसं का येतात. हसू नका, पायावरच्या पिसांपासून पंखांची गोष्ट कळते. त्यासाठी मला जुन्या जातींच्या कोंबड्यांच्या रक्ताचे थेंब हवे होते. प्राध्यापकांनी एक पत्ता दिला आणि म्हणाले, "बाई तापट आहे. तुमचं जमेल."

बाईंचं नाव डोरिस. तेव्हा वय चौऱ्याहत्तर. नवरा वारलेला, मुलगी लांब ॲरिझोनात चँडलरला. गावाबाहेर लाकडी घर आणि मागे खुराड्यांची रांग. त्यात पांढऱ्या कोचीन कोंबड्या. नाव कोचीन असलं तरी आपल्या केरळातल्या कोचीनशी त्यांचा संबंध नाही. जात मूळची चीनची, नाव साहेबाच्या गोंधळातून पडलेलं. साहेबाचे गोंधळ असेच टिकतात. उशी फुगवून तिला पाय लावावेत, अशी ही कोंबडी दिसते. पायांच्या बोटांपर्यंत पिसं. हाच वंश डोरिसबाई चाळीस वर्षं, बाहेरचा एकही कोंबडा न आणता, सांभाळत आल्या होत्या.

इथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. मला ते जमलं नाही. मी मनात 'डोरिसबाई' म्हणायचे, आणि एकदा तोंडातूनही तेच गेलं. त्यांनी विचारलं, "'बाई' म्हणजे काय?" मी म्हटलं, शिक्षिकेला म्हणतात. त्या म्हणाल्या, "मग राहू दे."

रक्ताचे थेंब द्यायला त्या तयार होत्या, पण एका अटीवर. "एक थेंब, एक आंघोळ. शनिवारी शो आहे आणि माझे गुडघे टबापुढे बसत नाहीत."

शो म्हणजे काय, ते सांगते. मोठ्या शेडमध्ये पिंजऱ्यांच्या रांगा मांडतात. पांढरा कोट घातलेला परीक्षक एकेक पक्षी हातात घेतो, पंख उलगडतो, तुरा, डोळे, नखं बघतो, पिसांत फुंकर मारतो आणि पिंजऱ्यावरच्या कार्डावर क्रमांक लिहितो. प्रत्येक जातीनं कसं दिसावं याचं एक पुस्तक आहे आणि परीक्षक त्या पुस्तकाबाहेर जात नाही. हे ऐकल्यावर मी काय बोलले असेन, ते माझ्या घरच्या लोकांना सांगायला नको. पहिल्याच दिवशी, त्यांच्याच तळघरात, त्यांचीच कोंबडी हातात धरून मी भाषण दिलं. सौंदर्यस्पर्धा ही सरंजामी गोष्ट आहे, वंशशुद्धीचं वेड माणसांत वाईट तसंच कोंबड्यांतही, आणि मुक्या प्राण्याला नटवून पिंजऱ्यात ठेवणं ही मालकीची हौस आहे.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझ्या कॉलेजला कारखान्यांचे पैसे येतात ना? कारखान्यातली कोंबडी सहा आठवड्यांत कापतात. माझी सहा वर्षं जगते. तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

आमच्या घरात असा प्रश्न विचारणाऱ्याला चहा मिळतो. मी बाह्या वर केल्या.

आता काम. चार टब लागतात. पहिल्यात कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण. पाणी किती कोमट? कोपर बुडवायचं. कोपराला काहीच वाटलं नाही, ना गरम ना गार, तर बरोबर. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणारी बाई हेच करते. कोंबडी दोन्ही हातांनी पंखांवरून धरून सावकाश उतरवायची. ती पहिलं अर्धं मिनिट जगबुडी आल्यासारखी ओरडते, मग ऊब अंगात शिरते आणि ती शांत होते. इतकी शांत की डोळे मिटतात, मान हळूहळू खाली येते. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. माझीही झाली. "किती गोड झोपली," असं मी म्हणेपर्यंत तिची चोच पाण्यात गेली होती. डोरिसबाईंनी मागून हात घालून तिची मान वर उचलली. "झोपू दे, पण हनुवटीखाली बोट ठेव. तुझं बोट म्हणजे तिची उशी."

पिसं चोळायची नाहीत. पीस हे केसासारखं नसतं, त्याला मधे दांडी असते आणि ती मोडली की नवी यायला वर्ष लागतं. स्पंज दाबत दाबत, मानेकडून शेपटीकडे, पीस ज्या दिशेनं वाढतं त्याच दिशेनं न्यायचा. पायांचे खवले जुन्या टूथब्रशनं घासायचे, आणि खवल्यांच्या खाली अडकलेली माती दात कोरायच्या काडीनं काढायची. दुसऱ्या टबात साध्या पाण्यात थोडं व्हिनेगर, साबण निघून जायला. तिसऱ्यात नुसतं पाणी. चौथ्या टबात, फक्त पांढऱ्या पक्ष्यांसाठी, नीळ.

हो, तीच. साडीला घालतात ती. इथे ती बाटलीत मिळते, दाट, जवळजवळ काळी. मी ती बाटली बघितली आणि त्या परक्या तळघरात पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं. मी हात पुढे केला. डोरिसबाईंनी बाटली उचलून घेतली.

"चौथा टब माझा."

"मी लहानपणापासून नीळ घालते."

"कोंबड्यांना?"

त्या थेंब मोजायच्या. मोठ्यानं, चष्मा नाकावर ओढून. एक, दोन, तीन. कधी चार. चारच्या पुढे कधी नाही; चारपर्यंत धुणं, त्यापुढे रंगवणं, असं त्यांचं म्हणणं. मला ते हास्यास्पद वाटायचं. आईच्या साड्यांना मी कधी मोजून नीळ घातली नव्हती. पुरचुंडी बादलीत फिरवायची आणि पाण्याकडे बघायचं. पाणीच सांगतं.

मग वाळवणं. टॉवेलात दुपट्यातल्या बाळासारखं गुंडाळायचं, पाणी टिपायचं, आणि मांडीवर घेऊन ड्रायर. ड्रायर मंद, वीतभर लांब आणि सतत हलता. एका जागी थांबला तर कातडी भाजते. कोचीनला उलट्या दिशेनं वारा द्यायचा म्हणजे आतली लव फुलते. एका कोंबडीला तास-दीड तास. शेवटी तुऱ्याला बोटभर तेल. हे सगळं शोच्या दोन दिवस आधी, कारण शेपटीच्या मुळाशी कोंबडीची स्वतःची तेलाची गाठ असते. ती चोचीनं ते तेल पिसांना लावते, आणि धुतलेल्या पिसाला परत तकाकी यायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे शेवटचा हात कोंबडीचाच.

पहिल्या शोच्या आदल्या दिवशी मला एका कोंबडीच्या पंखात काळं टोक असलेलं एक पीस सापडलं. एकच. मी म्हटलं, "उपटून टाकू?" डोरिसबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पत्रकावर खोटी सही केली होती.

"ते तिचं आहे. उपटलं तर परीक्षकाला ते फसवणं झालं. रंगवणं, उपटणं, कापणं, याला आमच्यात एकच शब्द आहे, लबाडी. पक्षी बाद होतो. बाद नाही झाला तर ते अजून वाईट."

"का?"

"मग मला घरी येऊन त्याच कोंबडीची अंडी उबवायला लागतात."

ती कोंबडी काळ्या टोकासकट गेली आणि कार्डावर काही न मिळवता परत आली. मी ज्या तत्त्वनिष्ठ माणसांच्या पत्रकांवर वाढले, त्यांतले किती जण एक पीस जागेवर ठेवतील, असा विचार मी परतीच्या वाटेवर केला. उत्तर फारसं सुखाचं नव्हतं.

पुढच्या जानेवारीत डोरिसबाईंच्या तळघराचे नळ गोठले आणि दोन दिवसांवर शो. मी एक कोंबडा खोक्यात घालून कॅम्पस बसनं अपार्टमेंटमध्ये आणला. माझी रूममेट मुग्धा पुण्याची, कॉम्प्युटरवाली. ती फोनवर होती.

"हे काय आहे?"

"कोंबडा."

"ते दिसतंय. आपल्या बाथटबमध्ये का आहे?"

"एक तास, मुग्धा. तुझा ड्रायर दे."

"माझा? यार, मी तो डोक्याला लावते!"

"त्यालाही डोक्यालाच लावणार आहे. थोडा खालीही."

"लीजमध्ये नो पेट्स लिहिलंय. आपल्याला हाकलतील."

"हा पेट नाही. हा स्पर्धक आहे."

नेमका त्याच वेळी तो आरवला. टाइल्सच्या बाथरूममध्ये कोंबडा आरवणं म्हणजे काय, ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. मुग्धाच्या फोनमधून तिच्या आईचा आवाज मला बाथरूमपर्यंत ऐकू आला, "अगं, इथे रात्रीचे साडेदहा वाजलेत, हा कोंबडा कुठला?" मुग्धा म्हणाली, "आई, टीव्ही." मग तिनं स्वयंपाकघरात जाऊन कुकर चढवला आणि पुढचा तासभर तो आरवला की ती शिट्टी होऊ द्यायची. त्या दिवशी आमच्याकडे तीन वेळच्या जेवणाची तूरडाळ शिजली. आणि शेवटी, मी वाळवून थकले तेव्हा, माझ्या हातातून ड्रायर काढून घेत मुग्धाच म्हणाली, "सरक. तुला ब्लो ड्राय येत नाही." तिथून पुढे तिची जुनी गाडी आणि ती, दोन्ही आमच्या कामाला लागल्या.

तीन वर्षं अशी गेली. माझा प्रबंध पुढे सरकला आणि डोरिसबाईंची नजर मागे. नजरेच्या मधोमध डाग वाढत होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. २००७ च्या उन्हाळ्यात त्यांनी सांगितलं, "मुलगी न्यायला येणार. जानेवारीत चँडलर. तिच्या कॉलनीत कोंबड्या पाळू देत नाहीत."

"आणि ह्या?"

खुराड्यांत बत्तीस पक्षी होते. एकेक विकले असते तर चार महिन्यांत बत्तीस दिशांना गेले असते आणि चाळीस वर्षांचा वंश संपला असता. न विकले गेलेले बाजाराच्या लिलावात, म्हणजे सूपमध्ये. सगळा कळप एकत्र घेईल असा एकच माणूस होता, दोन तासांवर राहणारा वॉल्टर. त्याच्याही पांढऱ्या कोचीन होत्या, पण उन्हात त्याच्या पक्ष्यांवर पिवळी झाक यायची. डोरिसबाईंचा पांढरा रंग त्याला हवा होता. मात्र बत्तीस पक्ष्यांसाठी नवं खुराडं बांधायचं म्हणजे घरी बायकोची समजूत घालायची. त्यानं फोनवर सांगितलं, "नोव्हेंबरच्या शोला तुमची चांगली कोंबडी आणा. बघतो आणि तिथेच ठरवतो."

चांगली म्हणजे बावन्न नंबर. डोरिसबाई कोंबड्यांना नावं देत नसत. "नाव दिलं की सूप करता येत नाही," म्हणायच्या, जरी त्यांनी सूप केलेलं मी कधी बघितलं नाही. पायातल्या कड्यावरचा नंबर हेच नाव. बावन्न नंबरबद्दल त्या फार बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी हिच्याकडे चालत होते."

शो शनिवारी. गुरुवारी दुपारी आम्ही तळघरात बसलो. तीन टब मी नेहमीसारखे केले. चौथ्याशी डोरिसबाईंनी बाटली हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, कडेनं बघितली. मग त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"चौथा टब आता तुझा. तीन. फार तर चार."

मला पदवी मिळाल्याचा आनंद झाला. आणि पदवी मिळाल्यावर माणसं जे करतात तेच मी केलं, शिकवलेलं विसरून स्वतःची अक्कल चालवली. तळघरात पिवळा दिवा होता. तीन थेंब घातले, पाणी पांढरंच दिसलं. माझ्या आईची बादली मला आठवली, तिच्यातलं ते आकाशी पाणी. मी मोजणं सोडलं आणि पाण्याकडे बघत ओतत राहिले. पिवळ्या उजेडात निळं उमटत नाही, हे शाळेतलं विज्ञान. मी विज्ञानात पीएच.डी. करत होते. बरोबर दिसेपर्यंत ओतलं. बावन्न नंबर त्या पाण्यात डोळे मिटून बसली, हनुवटीखाली माझं बोट होतं, आणि ती इतकी गाढ झोपली होती की मी तिला दोन मिनिटं जास्त बसू दिलं.

वाळवायला तिला वर स्वयंपाकघरात आणलं. खिडकीत दुपारचा उजेड होता. ड्रायर फिरवला, लव फुलायला लागली, आणि मला दिसलं.

लहानपणी एकदा माझ्या हातून नीळ जास्त झाली होती. आई तीच साडी नेसून ड्यूटीवर गेली आणि वॉर्डातल्या सिस्टर तिला म्हणाल्या, "आज आभाळ गुंडाळून आलीस का?" बावन्न नंबरनं आभाळ गुंडाळलं होतं. पाठ, पंख, पायाची पिसं, सगळं.

डोरिसबाई टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केले. मी कोंबडी त्यांच्या मांडीवर दिली. त्यांची बोटं पिसांत गेली आणि चेहरा उजळला.

"छान वाळलीय. अशी कधीच फुलली नव्हती. कशी दिसते?"

त्यांना दिसत नव्हतं.

मी खोटं काय बोलायचं ते ठरवून टाकलं होतं, हे कबूल करते. टबातून काढताना हिचा पाय मुरगळला, दुसरी नेऊ. बस. कुणाचं नुकसान नाही, कुणाला कळणार नाही, म्हाताऱ्या बाईला त्रास नाही. वाक्य जुळवून तयार होतं, उलटं सुलटं कसंही वाचा, बिनचूक. फक्त त्याच्या तळाशी छापणाऱ्याचं नाव नव्हतं.

"डोरिसबाई, ती निळी झालीय. मी केली. मी थेंब मोजले नाहीत."

ड्रायर अजून चालूच होता. मी तो बंद केला.

"किती निळी?"

"ह्या खिडकीच्या पडद्यांइतकी."

त्यांनी मान वळवून खिडकीकडे कडेनं बघितलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "मला वाटत होतं पडदे पांढरे आहेत."

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. त्यांचा हात कोंबडीवरून फिरत राहिला, मानेकडून शेपटीकडे, पीस वाढतं त्या दिशेनं.

आम्ही तिला दोनदा परत धुतलं. निळा रंग फिका झाला, गेला नाही. तिसऱ्यांदा मी पाणी काढायला लागले तेव्हा डोरिसबाईंनी थांबवलं. "पुरे. पिसं मोडतील. कोंबडी आहे ती, कपडा नाही." मग म्हणाल्या, "सतरा नंबर आण."

सतरा नंबर सहा वर्षांची होती. तुरा सुकलेला, छाती थोडी बसलेली. शोमध्ये आजीबाई नेत नाहीत. तीन टब झाले आणि मी थांबले.

"चौथा?"

"चौथा नाही. आहे तशी जाऊ दे."

शनिवारी मुग्धानं गाडी चालवली. सतरा नंबर मागच्या सीटवर डोरिसबाईंच्या मांडीवर. त्या वर्गात पाच कोंबड्या होत्या. परीक्षकानं सतरा नंबरला उचललं, पंख उलगडला, फुंकर मारली, आणि कार्डावर चार लिहिलं. शेरा एकच, वय. डोरिसबाईंचा तो शेवटचा शो. चाळीस वर्षं ज्या कोंबडीकडे त्या चालत होत्या ती घरी स्वयंपाकघरात निळी होऊन बसली होती. ही खंत माझी आहे आणि मी ती कुणाबरोबर वाटून घेणार नाही.

वॉल्टर आला. उंच, टोपी घातलेला, कमी बोलणारा. त्यानं कार्ड बघितलं, मग कोंबडी.

"बावन्न कुठे आहे?"

डोरिसबाई माझ्याकडे वळल्या. मी सगळं सांगितलं, पिवळ्या दिव्यासकट. वॉल्टर ऐकून एवढ्या मोठ्यानं हसला की शेजारच्या पिंजऱ्यातल्या बदकांनी गलका केला.

"माझ्या बायकोनं पहिल्या वर्षी सहा कोंबड्या निळ्या केल्या होत्या," तो म्हणाला. "सहा! ईस्टरची अंडी रंगवताना मुलं विचारायची, ह्या कोणत्या रंगाची देणार."

मग हसणं थांबवून त्यानं सतरा नंबरची पिसं पार मुळापर्यंत उलगडली. अंगठा ओला करून एका पिसावर चोळला आणि उजेडात धरून बघितला. काही लागलं नाही.

"नीळ नाही हिला?"

"थेंबही नाही," मी म्हटलं.

"वय?"

"सहा," डोरिसबाई म्हणाल्या. "सहा उन्हाळे."

तो पुन्हा एकदा मुळापर्यंत बघत राहिला. "नीळ लावलेली पांढरी कोंबडी मला इथे कुणीही दाखवेल," तो शेवटी म्हणाला. "सहा उन्हाळे काढून बिननिळीची एवढी पांढरी मी पहिल्यांदा बघतोय. बायकोला मी सांगतो. सगळ्या नेतो."

"निळीसुद्धा," डोरिसबाई म्हणाल्या.

"निळी आधी."

मुग्धा माझ्या कानात पुटपुटली, "म्हणजे तुझी मिस्टेकच कामाला आली यार." नाही. चूक ती चूकच. कामाला आली ती चाळीस वर्षं. एका बाईनं एकही पीस न उपटता, एकही रंग न लपवता केलेली. मी पत्रकांतून जे शिकले ते तिनं एका शब्दाचंही पत्रक न काढता तळघरात केलं होतं, आणि त्यासाठी तिला कुणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. कार्डावर चार लिहून घेतलं आणि घरी गेली.

जानेवारीत त्या चँडलरला गेल्या. यंदा एप्रिलमध्ये वॉल्टरकडे वसंतातल्या शोची तयारी होती आणि कोंबड्यांना आंघोळ घालायला मी गेले होते. निळी खुराड्याच्या दारात उभी होती, अजून थोडी आभाळी. शरदात पिसं गळून नवी येतील तेव्हा ती पांढरी होईल. मी एका तरुण कोंबडीला वाळवत होते तेव्हा माझा मोबाइल वाजला. वॉल्टरनं तो माझ्या कानाला लावून धरला.

"कुठे आहेस?" डोरिसबाई.

"वॉल्टरच्या शेडमध्ये. वाळवतेय."

"ऐकू येतंय. ड्रायर फार जवळ धरलायस. आवाज दबलाय. लांब घे."

मी हात वीतभर मागे घेतला. आवाज मोकळा झाला.

"असं. पाणी कोपरानं बघितलंस?"

"हो."

"चौथ्या टबात किती?"

चँडलर तिथून दोन हजार मैल आहे आणि त्यांना आता समोरचं काहीच दिसत नाही.

"चार," मी म्हटलं.

"तीन पुरले असते," डोरिसबाई म्हणाल्या.